दुसऱ्या बाकावरचा होकार

समाज हा मूठभर बुद्धिमंतांच्या खांद्यांवर उभा असतो, आणि त्या खांद्यांची निगा राखणं हे शिक्षणाचं पहिलं कर्तव्य आहे. हे वाक्य बाईंनी बरेच दिवस घासूनपुसून तयार केलं होतं. दुपारच्या बैठकीत ते कसं वाजेल हे बघावं म्हणून सकाळी त्यांनी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, तेव्हा त्या एका अरुंद पलंगावर पालथ्या पडलेल्या होत्या, तोंड पलंगाला पाडलेल्या भोकात होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या उजव्या खांद्यात फिजिओथेरपिस्ट मुलीचा अंगठा रुतला होता. "कोणाचे खांदे?" मुलीने विचारलं. "बुद्धिमंतांचे," बाई भोकातून म्हणाल्या. "तुमचे तर दगड झालेत," मुलगी म्हणाली आणि तिने त्यांना उठवून बसवलं. आता घरी करायचा व्यायाम. ती समोरच्या स्टुलावर बसून समजावू लागली. मानेचे मणके, त्यांच्यामधल्या गाद्या, कुठली शीर कुठे दबते, श्वास कधी घ्यायचा. बाई ऐकत होत्या आणि मान डोलावत होत्या. मुलगी थांबली. "कळलं?" "हो." "मग करून दाखवा." बाई तशाच बसून राहिल्या. मुलीच्या ओठांचा आकार त्यांना आठवत होता, भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता दिसत होता, पण मधलं बोलणं कुठेच नव्हतं. कुणी तरी खोलीतून सामान उचलून नेलं असावं तसं. "अहो मॅडम, मान हलवायची नाही, हाच व्यायाम आहे," मुलगी म्हणाली. "मघापासून मी तेच सांगतेय आणि तुम्ही हो हो करत मान हलवताय." बाई हसल्या. मुलगीही हसली आणि बाई निघताना तिने सहज विचारलं, "शिकवता ना तुम्ही? कुठला विषय?" "गणित." "बाप रे! मग तुम्हाला तर सगळं पटकन कळत असणार."

हे ती चांगल्या मनाने म्हणाली. रस्त्यावर आल्यावर बाईंनी ते दोनदा तपासून पाहिलं, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. शाळा तिथून चालत जाण्याइतकी जवळ होती. वाटेत दुकानांच्या फळ्या निघत होत्या, एक माणूस काच पुसता पुसता काचेतल्या स्वतःलाच पुसत होता, आणि बाईंना मानेच्या मागे, जिथे अंगठा रुतला होता त्याच्या जरा वर, कोणाचा तरी श्वास लागत होता. कोमट आणि थोडा घाईचा. मागे वळून पाहायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मागे कोणी नसतं. हा श्वास त्यांना वर्षानुवर्षं लागत आला होता. लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकून लांब गेला, केस पांढरे झाले, श्वास आपला तसाच, चौदा वर्षांच्या मुलीचा. नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "मानेला वारा लागत असेल, स्कार्फ बांध." पुढची दोन वर्षं बाई स्कार्फ बांधत होत्या. नवऱ्याचं त्यांच्याविषयी एकच गाऱ्हाणं होतं. "तुझ्याशी धड भांडताही येत नाही, मी अर्ध्यावर असतानाच तू हो म्हणतेस."

त्या काळी बाई बाई नव्हत्या, दुसऱ्या बाकावरची ती होती. गणिताचे सर म्हणजे उंच, खडूने बाह्या पांढऱ्या झालेले, देवमाणूस वगैरे. मुलांनी भरलेल्या त्या खोलीत सर एकाच चेहऱ्याकडे बघून शिकवत. कधी ठरलं, कसं ठरलं कोण जाणे. कुठल्या तरी परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले, आणि त्या दिवसापासून सरांची नजर तिच्यावर येऊन टेकली, जशी माणसाची काठी ठरल्या जागी टेकते. सर समजावत, समजावून झालं की तिच्याकडे बघत. तिने मान हलवली की सर फळा पुसत आणि पुढे जात. एवढीच पद्धत. सगळ्या वर्गाची चाल एका मानेवर बांधलेली. पहिल्यांदा तिला न कळता मान हलवावी लागली तो दिवस तिला अजून वासासकट आठवतो. ओल्या फडक्याचा वास. सर म्हणाले होते, वजा गुणिले वजा बरोबर अधिक. हातमोजा उलटा केला, परत उलटा केला, की सुलटा होतो की नाही? तसंच. आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यात फक्त एक हातमोजा होता, लोकरीचा, रिकामा. पण सर बघत होते, आणि त्या बघण्यात इतका विश्वास होता, की नाही म्हणणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या हातून काठी ओढून घेणं. तिने मान हलवली. फळा पुसला गेला. आणि मागून, मानेवर, श्वासासकट प्रश्न आला. मागच्या बाकावर लांब वेणीची एक मुलगी बसायची. "तुला खरंच कळलं? वजा म्हणजे नाही ना गं? मग जे नाहीच, ते नाही इतक्या वेळा घ्यायचं, म्हणजे नक्की काय करायचं?" ती न वळता म्हणाली, "सोप्पं आहे." आणि घरी जाऊन तिने पूर्ण प्रकरण तोंडपाठ केलं. पुढच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी. लांब वेणीची त्या वर्षी नापास झाली आणि नंतर शाळेत दिसली नाही.

नंतर दिसली नाही, यात खरं तर काहीच भयंकर नाही. शाळा सोडणाऱ्या मुली पुष्कळ. वडिलांची बदली झाली असेल. मजेत असेल, तिची मुलंबाळं असतील, वजा गुणिले वजाशिवाय तिचं काय अडलं असेल? बाईंनी हा हिशोब स्वतःशी अनेकदा मांडला होता आणि उत्तर दर वेळी बरोबर यायचं. फक्त श्वास जात नव्हता. आणि मान हलायची थांबत नव्हती. बाईंच्या वडिलांच्या आजारपणात डॉक्टर बाहेर आले, दारात दोघे भाऊ, काका, आत्या, सगळे उभे. पण डॉक्टर बोलले ते तिच्याकडे बघून. हुशार माणसाला हुशार माणूस कसा ओळखू येतो देव जाणे. काहीतरी दोन मार्ग होते. एकात हा धोका, दुसऱ्यात तो. ती मान हलवत राहिली. डॉक्टर म्हणाले, "मग हेच करू या ना?" तिने मान हलवली. काय करायचं ठरलं ते तिला आजही माहीत नाही. वडील तीन दिवसांनी गेले. भाऊ मात्र आजही कौतुकाने सांगतात, "आम्हाला काही उमगत नव्हतं, पण ताईला सगळं कळलेलं होतं, म्हणून निभावलं."

नववीचा तास. कंसाबाहेर वजा असेल तर कंस सोडवताना आतली चिन्हं बदलतात. बाईंचा हा धडा इतका घटवलेला होता, की तो चालू असताना त्या मनात दुसरं काहीही करू शकत. इथे बऱ्याच जणांची चूक होते, हे वाक्य, त्यानंतरचं बारीक खोकणं, मग लाल खडू. बैठकीचा विषय मनात घोळत होता. वरच्या गुणांची मुलं उचलून एक निवडक तुकडी करायची, तिला शाळेतले उत्तम शिक्षक द्यायचे, आणि गणित अर्थातच बाईंकडे. उरलेल्यांना उरलेले. या तुकडीसाठी बाई कित्येक वर्षं झगडत होत्या. मुलांची नावं काढून घरी कळवूनही झालं होतं, आज ठराव होणार होता. त्यांनी लाल खडूने चिन्हांभोवती गोल केले, वळल्या, आणि नजर आपोआप दुसऱ्या बाकावर जाऊन टेकली. तिथे एक उंच, सडपातळ मुलगी होती. वर्ग तिला सिग्नल म्हणायचा. बाईंची समजूत, उंचीमुळे. सिग्नलने मान हलवली. बाईंनी फडकं उचललं. आणि हात हवेत राहिला.

सिग्नलचा बाक हलला होता. मागच्या बाकावरून एक बूट पुढे आला होता आणि आता बेमालूम मागे जात होता. बूट आधी, मान नंतर. बाईंनी आजवर फक्त मान पाहिली होती. त्या फळा न पुसता उभ्या राहिल्या. वर्गात एक वेगळीच चुळबुळ सुरू झाली, गाडी मध्येच थांबल्यावर प्रवासी एकमेकांकडे बघतात तशी. "मागच्यांनो, कळलं?" "होऽऽ बाई." "सगळ्यांना?" "होऽऽ." एवढा मोठा होकार त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यात आनंद होता, एकी होती, आणि एकाही माणसाचा आवाज नव्हता. त्यांनी फळा पुसला. दुसरं काय करणार?

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला थांबवलं. रिकामा वर्ग भरलेल्या वर्गापेक्षा मोठा दिसत नाही, उलट लहान दिसतो, आणि बाक जवळ सरकल्यासारखे वाटतात. "कळलं होतं ना?" बाईंनी विचारलं. मुलीने मान हलवली. "सांग बघू." तिने सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे न होता, कंस, वजा, चिन्हं, इथे बऱ्याच जणांची चूक होते, आणि मग ती बारीक खोकली. बाईंनी एकेकाळी सरांना असंच म्हणून दाखवलं होतं. सर नाक ओढायचे, त्या नाक ओढण्यासकट.

"छान. पण चिन्ह का बदलतं?"

मुलगी घाबरली. "हे परीक्षेत विचारतात, बाई?"

"नाही."

"मग?"

"नाही कळलं तर नाही म्हणायचं, बेटा. मी काय खाते का तुला?"

"एकदा म्हटलं होतं," मुलगी बुटांकडे बघत म्हणाली. "मागच्या वर्षी. तुम्ही सगळं पहिल्यापासून सांगितलंत. आमचा खेळाचा तास गेला. मग माझ्याशी कोणी बोलेना. त्यानंतर ठरलंय, तुम्ही माझ्याकडे बघितलंत की हो म्हणायचं. मी विसरले तर मागून पाय मारतात. म्हणून तर सिग्नल म्हणतात मला."

"म्हणजे वर्गात कोणालाच कळत नाही?"

"ते कसं कळणार, बाई? तुम्ही तर माझ्याकडेच बघता."

बाहेर मैदानावर पोरं किंचाळत होती. बाईंना खुर्ची ओढून बसावंसं वाटलं, पण बसलं तर आपली मान तिच्या मानेखाली जाईल, अशी काहीतरी चमत्कारिक भीती वाटून त्या उभ्याच राहिल्या. मुलगी अजून जात नव्हती. "बाई, मला त्या हुशार तुकडीत टाकू नका ना. इथे निदान सगळ्यांना माहीत आहे माझं. तिथे सगळे खरे असतील."

"घरी काय म्हणतात?"

"आईने सगळ्यांना सांगून टाकलंय. मावशीला तर दोनदा. पप्पा म्हणतात, आपल्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी निवडलं गेलंय." तिने घाईघाईने डोळे पुसले, कोणी बघितलं नाही ना असं, आणि बघणारं तर समोरच उभं होतं. "रोज रात्री पाठ करते मी, बाई. आता मावत नाही."

"बघते मी," बाई म्हणाल्या. शिक्षकाच्या तोंडी 'बघते' म्हणजे काय हे कुठल्याही मुलाला सांगावं लागत नाही, पण या मुलीने विश्वास ठेवला. त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नव्हतं. दाराशी जाऊन ती वळली. "पण बाई, खरंच का बदलतं हो चिन्ह?"

मानेवर श्वास होता. बाईंनी तोंड उघडलं; आत एक रिकामा लोकरीचा हातमोजा होता. "उद्या सांगते," त्या म्हणाल्या, आणि मुलगी गेल्यावर खडू घेऊन फळ्याकडे गेल्या. किती वर्षं त्या हे शिकवत होत्या; कंसाबाहेरचा वजा, कंसातला वजा, म्हणजे तोच जुना प्रश्न. जे नाहीच. त्यांनी वजाची एक रेघ काढली. ते नाही इतक्या वेळा. दुसरी काढली. दोन आडव्या रेघा, एकमेकींखाली, मिटलेल्या डोळ्यांसारख्या. त्यांना हे आजही कळत नव्हतं. पुस्तकातली सिद्धता पाठ होती, ती त्या झोपेतही लिहून दाखवतील. पण हे प्रश्न विचारणाऱ्या दोघींपैकी एकीला त्यांनी सोप्पं आहे म्हणून घालवलं होतं, आणि दुसरीला आता उद्यावर. मग त्यांच्या मनात आलं, नापास झाली ती वेणीवाली एकटीच तेव्हा गणित करत होती; बाकी सगळा वर्ग, सरांसकट, दुसरंच काहीतरी करत होता.

बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत. मुख्याध्यापक बोलायला लागले की छान बोलत आणि थांबायला लागले की फार वेळ घेत. बुद्धिमंतांवर अन्याय होतोय, सरासरीच्या चिखलात हिरे रुततायत, असं बरंच झाल्यावर ते म्हणाले, "आता बाई बोलतील. ही कल्पनाच मुळी त्यांची." बाई उभ्या राहिल्या. खांद्यांचं वाक्य जिभेवर होतं, गिळायला कठीण गेलं. "मला वाटतं ही तुकडी करू नये," त्या म्हणाल्या. "आणि करायचीच तर उलटी करा. ज्यांना कळत नाही आणि जी तसं सांगतात, ती मुलं मला द्या. मी आजवर एका चेहऱ्याकडे बघून शिकवत आले. तो चेहरा हो म्हणाला की पुढे. बाकीच्या वर्गाचं तोंड मी पाहिलेलं नाही."

मग विज्ञानाचे सर म्हणाले, "त्यात काय, मी खिडकीकडे बघून शिकवतो." "मी घड्याळाकडे," भूगोलवाल्या म्हणाल्या. खेळाचे सर म्हणाले, "मी तर मुलं कुठे बघतायत तेच बघत नाही, शिट्टी मारतो," आणि सगळी खोली मोकळी हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता. फक्त बाईंचं बोलणं त्यात हळूच बसून गेलं, चपला बाहेर ठेवून आत येणाऱ्या पाहुण्यासारखं. बाईंनी पुन्हा लावून धरलं. निदान ती दुसऱ्या बाकावरची मुलगी नको. "का बरं?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "तिला कळत नाही. पाठ करते." "अहो, तिला पैकीच्या पैकी आहेत!" "मलाही होते," बाई म्हणाल्या. "मला अजून कळलेलं नाही. वजा गुणिले वजा अधिक का होतं, खरंच, मला माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न कळलेली गोष्ट मोठ्याने सांगितली होती, आणि आता काहीतरी कोसळेल म्हणून त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मुख्याध्यापकांचे डोळे पाणावले. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "हा विनय. खरा विद्वान असाच असतो. ती मुलगी तुमच्यासारखी निघाली, बाई, तर आणखी काय हवंय या शाळेला?" टाळ्या झाल्या. ठराव एकमताने, म्हणजे बाईंना मोजून, मंजूर झाला.

टाळ्यांमध्ये उभं असताना बाईंना अचानक, अगदी शांतपणे, सुचलं. ठीक आहे. तुकडी होऊ दे. मुलगी जाऊ दे तिथे. गणित तर आपल्याकडेच आहे. पहिल्याच दिवशी सगळे निवडक चेहरे रांगेने बघायचे, एकेक, शेवटच्या बाकापर्यंत, आणि म्हणायचं, मला हे कळत नाही, कोणाला कळतं? आणि थांबायचं. तास जाऊ दे, खेळ जाऊ दे. ती मुलगी नाही म्हणेपर्यंत थांबायचं, आणि ती नाही म्हणाली की आपणही नाही म्हणायचं, म्हणजे दोघी होतील. मानेवरचा श्वास थांबल्यासारखा वाटला. किंवा त्या पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून उभ्या होत्या. चहा आला. बाईंनी दोन कप घेतले.

उठता उठता मुख्याध्यापक त्यांच्याजवळ आले आणि त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही दमलाय. मानेचं दुखणंही आहे, मला कळलं. निवडक तुकडीचं गणित आपण यंदा नव्या सरांना देऊ. तरुण आहे, धावपळ करील. तुम्ही जुन्या वर्गावरच राहा, निवांत. चालेल ना?" ते बाईंकडे बघत होते, पुष्कळ माया होती त्या बघण्यात. बाई "नाही" म्हणाल्या. चांगलं स्पष्ट म्हणाल्या. पण तोवर मुख्याध्यापक भूगोलवाल्यांशी बोलायला वळले होते.

निवडक तुकडी नव्या वर्षापासून सुरू झाली. ती मुलगी तिथेही दुसऱ्या बाकावरच बसते. नवे सर सगळं गणित पडद्यावर शिकवतात, त्यामुळे तासभर खिडक्या लावून दिवे बंद ठेवावे लागतात, आणि कोणाची मान हलली ते दिसत नाही.